घोडामैदान

नृसिंहवाडीला येणारा माणूस पादुकांचे दर्शन घेतो, घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकतो, पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी बांधून घेतो आणि परतीच्या एसटीला लागतो. पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड आहे. तिथे संगमाकाठी सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे, हे त्यातल्या फार थोड्यांच्या कानावर गेलेले असते. मोगलांच्या घोड्यांना पाण्यातही संताजी-धनाजी दिसत, म्हणून ते ओढ्याला तोंड लावेनात, ही गोष्ट मराठी मुलगा शाळेत जाण्याआधीच आजीकडून ऐकतो. ज्याच्या धाकाची ही दंतकथा, तो सेनापती इथे कृष्णा-पंचगंगेच्या काठी विसावला आहे.

दंतकथा बाजूला ठेवली तरी तिच्यातला घोडा मात्र खरा आहे. तो परमुलखातून आलेला, उंचापुरा, भरपूर खुराकावर पोसलेला घोडा. दख्खनच्या माळावर येऊन तो बिथरला, अडला, हरला. घोडा किती चांगला, हा प्रश्न सगळेच विचारतात. तो कोणत्या जमिनीवर, कोणत्या हवेत, किती प्रवास करून आणि काय खाऊन पळतो आहे, हे विचारणारे थोडे. महाराष्ट्राच्या सात-आठशे वर्षांच्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा मिळालेले आहे. तेच उत्तर जपानमध्ये टोकियोच्या हिरवळीवर युरोपातल्या नामांकित घोड्यांनाही मिळाले, आणि तिथल्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत हिंदुस्थानातून गेलेला एक घोडाही पळाला होता.

पण सुरुवात कोकण किनाऱ्यापासून करायला हवी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो पश्चिम किनाऱ्याबद्दल लिहून गेला, तेव्हा ठाण्याच्या राजाची एक अजब व्यवस्था त्याने नोंदवली. समुद्रावरच्या चाच्यांशी राजाचा करारच होता. लूट त्यांची, पण लुटीत सापडलेला प्रत्येक घोडा राजाचा. सोने, कापड, मसाले सोडून राजाने घोडे मागून घेतले, यावरूनच त्या जनावराची किंमत कळते. इराणी आखात आणि अरबस्तानातून गलबते भरभरून घोडे येत आणि दरवर्षी येतच राहत, कारण आलेले घोडे टिकत नसत. दक्षिणेतल्या राज्यांबद्दल पोलो सांगतो की तिथे नालबंद नव्हते, घोड्यांची निगा कशी राखावी हे कुणाला ठाऊक नव्हते, त्यांना भात आणि शिजवलेले मांस खाऊ घालत, आणि आखातातले व्यापारी जाणत्या नालबंदांना इकडे येऊच देत नसत. घोडे मेले की नवे घोडे विकले जात. धंदा म्हणून हे चोख होते. घोड्यासाठी मात्र तो मृत्यूचा प्रवास होता.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक माणूस याच वाटेने एकच घोडा घेऊन आला, आणि त्या एका घोड्याची हकिकत आपल्याला तपशीलवार माहीत आहे.

अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी. होर्मुझला त्याने एक घोडा घेतला. हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव येतो, असे त्याला सांगितले गेले होते. त्यात त्याचे शंभर रूबल गेले आणि कमाई त्यातच अडकली. घोड्यांनी भरलेल्या गलबतातून तो खंबायतमार्गे 1470च्या आसपास चौलला उतरला आणि घोडा घेऊन घाट चढून जुन्नरला पोहोचला. पावसाळा लागला होता. जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते. तिथला अधिकारी असद खान याने घोडा पाहिला आणि तो ताब्यात घेतला. मालक मुसलमान नाही असे कळल्यावर त्याने चार दिवसांची मुदत दिली: धर्म बदल, घोडाही घे आणि वर हजार मोहरा घे, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही पडला. मुदत संपता संपता खुरासानातला एक गृहस्थ, ख्वाजा महंमद, गावात आला. त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला.

निकितिनने त्या घोड्याला वर्षभर पोसले आणि अखेर बीदरला विकून टाकले. वाटेत जे पाहिले ते तो लिहीत गेला. इथे घोड्यांना कडधान्य घालतात, साखर आणि स्निग्ध पदार्थ मिसळलेली खिचडी शिजवून भरवतात. या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात, असेही त्याने नोंदवले. रेवदंड्याला आज त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ उभा आहे. घोड्याचे पुढे काय झाले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

इथे घोडे जन्मत नाहीत, हे निकितिनचे वाक्य अर्धे खरे होते. दरबारी माणूस ज्याला घोडा म्हणे तो खरोखरच इथे जन्मत नव्हता. पण भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांत आखूड बांध्याची तट्टे पिढ्यान्‌पिढ्या वाढत होती. त्यांना कुणी गलबतातून आणले नव्हते, त्यांच्यासाठी कुणी मोहरा मोजत नव्हते. बाहेरून आलेल्या अरबी-इराणी रक्ताचा आणि या देशी तट्टांचा हळूहळू संकर होत गेला आणि त्यातून जो घोडा तयार झाला त्याला नाव मिळाले भीमथडी. भीमेच्या थडीवरचा तो भीमथडी. नावातच त्याची जमीन आली आहे.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यावर आखातातल्या घोड्यांचा व्यापार तिथल्या धक्क्यावर खेचून आणला. होर्मुझहून येणारी गलबते गोव्यालाच लागावीत असा त्यांचा दंडक होता, कारण विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडे हवे होते आणि जकातीचा पैसा मोठा होता. परदेशी घोडा हा एखाद्या राज्याचा श्वास असेल तर ते राज्य किती परस्वाधीन असते, हे दक्षिणेतल्या सत्तांनी त्या शतकात अनुभवले. मराठ्यांचे मोठेपण इथे दिसते. त्यांनी युद्धाची पद्धतच अशी ठरवली, की तिला परदेशी घोड्याची गरज उरली नाही.

मराठी फौजेत घोडा दोन प्रकारे उभा राही. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदार घोडा घरी बांधे. त्याची बायको चंदी भिजत घाली, पोरे खरारा करीत. मोहिमेत तोबऱ्यात मूठभर हरभरा पडला तर पडला, नाहीतर बांधावरचे गवत, कडबा, कधी नुसता पाला. या घोड्याच्या अंगावर चिलखत नव्हते, पाठीवर माणूस आणि त्याचे गाठोडे, बस्स. समोर मोगली घोडा होता. त्याच्या मागे तंबू, तोफा, बाजारबुणगे आणि चंदीच्या गाड्या. तो मैदानात एका धडकेत भारी पडे, पण चढावर, काटेरी रानात, उन्हाळ्यात आटलेल्या नाल्यांच्या मुलखात त्याचा दम आधी संपे.

संताजींनी हे हेरले होते. 1695 मध्ये चित्रदुर्गजवळ दोड्डेरीला त्यांनी कासिम खानाच्या फौजेला घेरले. ती लढाई तलवारीने जितकी जिंकली, तितकीच उपासमारीने. गढीत कोंडलेल्या माणसांचे धान्य संपले आणि जनावरांची वैरणही. परमुलखातल्या घोड्याला मारायला बाण लागत नाही, त्याची चंदी तोडली तरी पुरते. कुरुंदवाडच्या त्या समाधीपुढे उभे राहिले की संताजींची ही समज आठवते. दुश्मनाच्या घोड्याच्या पोटाचा विचार त्याच्या तलवारीच्या आधी करणारा तो सेनापती होता.

हाच नियम उलटला की मराठी घोडाही हरला. 1758 साली दक्षिणी घोडे अटकेपर्यंत दौडले, तेव्हा वाटेत दाणागोटा मिळत गेला. अडीच-तीन वर्षांनी पानिपतावर अब्दालीने रसद तोडली आणि त्याच घोड्यांची हाडे दिसू लागली. 14 जानेवारी 1761च्या सकाळी मराठी फौज छावणीबाहेर पडली ती अर्धपोटी आणि तिची जनावरे तर त्याहून वाईट अवस्थेत होती. पानिपताची कारणे सांगताना आपण सरदारांच्या भांडणांवर तासभर बोलतो. घोड्यांच्या वैरणीवरही तितकेच बोलायला हवे.

इंग्रजांच्या राज्यात लढाईचा घोडा हळूहळू शर्यतीचा घोडा झाला. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याजवळ आलेगावला स्टड काढून देशी घोड्यांची जात सुधारण्याचा प्रयत्न केला. शिरूर तालुक्यातल्या त्या गावाला आजही आलेगाव पागा म्हणतात. स्टड काही फार वर्षे चालले नाही, गावाच्या नावातली पागा राहिली. मुंबईत 1802 साली टर्फ क्लब स्थापन झाला होता आणि भायखळ्याच्या मैदानावर घोडे पळत होते. पुण्याचे रेसकोर्स 1830चे, महालक्ष्मीचे 1883चे.

या मैदानांवर सुरुवातीला राज्य होते अरबी घोड्याचे. बसरा, कुवेत, बहरीनकडून अरब सौदागर घोडे घेऊन मुंबई बंदरात उतरत आणि शहरातल्या त्यांच्या तबेल्यांवर गिऱ्हाइकांची गर्दी असे. सैन्याचे अधिकारी, संस्थानिक, पारशी शेटजी, सगळे तिथे घोडा पाहायला जात. कलकत्ता-मद्रासकडे ऑस्ट्रेलियातून येणारे वेलर घोडे जास्त, मुंबईला मात्र अरबी. त्याला इथली हवा फारशी परकी वाटत नसे. समुद्रप्रवासही तुलनेने थोडक्या दिवसांचा.

मग आला इंग्रजी थरोब्रेड. त्याच्यापुढे अरबी घोडा लांबच्या धावेत तग धरे, पण वेगात मागे पडे. खरे तर थरोब्रेड हा त्याचाच नातू. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपासून ही सगळी जात चालत आली. इंग्रजांनी पूर्वेचा घोडा नेला, तिथल्या गवतावर त्याच्या पिढ्या वाढवल्या, दर पिढीला शर्यतीच्या कसोटीवर घासून निवड केली आणि दोनशे वर्षांनी तो घोडा पूर्वेला परत आणून त्याच्या आजोबाला हरवले. घोड्यांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चाल. पुढे जपानने हीच चाल इंग्रजांवर आणि उरलेल्या युरोपवर उलटवली.

मुंबईच्या अरबी घोड्यांच्या शौकिनांत एक घराणे ठळक होते. इराण सोडून आलेले पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले आणि मुंबई-पुण्यात त्यांनी तबेले उभे केले. 1881 मध्ये ते मुंबईतच वारले, माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. त्यांचे नातू तिसरे आगाखान याच तबेल्यांच्या वासात वाढले. पुढे 1920च्या दशकात त्यांनी युरोपात घोडे घ्यायला सुरुवात केली, 1922 मध्ये 9,100 गिनी देऊन घेतलेल्या शिंगरीला मुमताज महल नाव दिले, आणि इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली: 1930, 1935, 1936, 1948 आणि 1952. भायखळ्यात सुरू झालेला हा नाद पुढे कुठवर गेला, ते ओघात येईलच.

मराठी घराण्यांतही हे वेड होते. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 साली इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींना विकत घेतले. शिंगरासाठी तोवर कुणी एवढी बोली दिली नव्हती. त्याला त्यांनी आपल्या आजोबांचे नाव दिले: सयाजीराव. 1947 मध्ये, इकडे तिरंगा फडकल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, डॉनकास्टरच्या सेंट लेजरमध्ये हा सयाजीराव पहिला आला. त्याआधी त्याने आयरिश डर्बीही मारली होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. हे घोडे जन्माने आणि पोसण्याने युरोपातलेच होते, पैसा आणि नाव तेवढे बडोद्याचे. म्हणून ते जिंकले, हेही कबूल करायला हवे.

इकडे महालक्ष्मीवर 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. तिचे मूळ नाव होते कंट्री ब्रेड डर्बी, म्हणजे देशात जन्मलेल्या घोड्यांची डर्बी. ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने, मालक तेच बडोद्याचे महाराज. पाठीवर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. चार वर्षांनी इंग्लंडात सयाजीरावावरही तोच बसला. देशी घोड्याला परदेशी घोड्यासमोर उभे केले तर तो चिरडला जाईल, म्हणून त्याला कुंपण घालून वेगळे मैदान द्यावे, हा त्यामागचा हेतू. तो त्या काळी योग्यच होता. स्वातंत्र्यानंतर परदेशी घोड्यांच्या आयातीवर बंधने आली आणि ते कुंपण अधिक उंच झाले. पुण्याच्या आसपास स्टड फार्म वाढले. पूनावाला स्टड 1946चा. तिथले निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला लस आणि प्रतिविष बनवण्यासाठी जात. त्यातूनच 1966 मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शर्यतीच्या घोड्याने महाराष्ट्राला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी.

आता जपान.

जपानी रेसिंग असोसिएशनने 1981 मध्ये एक धाडसी निर्णय घेतला. आपले घोडे जगाच्या तुलनेत कुठे आहेत हे पाहण्यासाठी परदेशी घोड्यांना आमंत्रण देऊन, प्रवासखर्च सोसून, टोकियोजवळच्या फुचू मैदानावर 2,400 मीटरची जपान कप सुरू केली. पहिली शर्यत 22 नोव्हेंबर 1981 रोजी झाली. अमेरिका, कॅनडाबरोबर हिंदुस्थानलाही बोलावणे होते आणि इथून ओन ओपिनियन नावाचा घोडा गेला. जपानी वर्तमानपत्रांनी त्याला ‘हिंदुस्थानचा शिन्झान’ म्हटले. शिन्झान म्हणजे 1960च्या दशकातला त्यांचा दैवत झालेला घोडा. पाहुण्याला याहून मोठा मान देता आला नसता.

ओन ओपिनियन मागेच राहिला. त्याला दोष देऊ नये. लांबचा प्रवास, तिथले विलगीकरण, नोव्हेंबरची थंडी, अनोळखी पाणी आणि ज्या वेगाची त्याला कधी सवय नव्हती तो वेग. जिंकली अमेरिकेची मेर्झी डोट्स ही घोडी, 2 मिनिटे 25.3 सेकंदांत. पाठीवर एकोणीस वर्षांचा कॅश ॲस्मुसेन. ही वेळ त्या काळचा जपानी विक्रम होती. यजमानांचा एकही घोडा पहिल्या चारांत नव्हता. घरच्या मैदानावर झालेला हा पराभव जपानच्या जिव्हारी लागला.

पुढची काही वर्षे तेच. 1981 ते 1991 या अकरा शर्यतींत नऊ वेळा पाहुणे जिंकले. फक्त 1984 मध्ये कात्सुरागी एस पहिल्यापासून आघाडी घेऊन शेवटपर्यंत पुढे राहिला आणि 1985 मध्ये सिंबोली रुडॉल्फने बाजी मारली. 1989 साली न्यूझीलंडची हॉर्लिक्स नावाची घोडी 2 मिनिटे 22.2 सेकंदांत पहिली आली. तेवढ्याच वेळेत, मानेच्या अंतराने दुसरा आला जपानचा लाडका ओगुरी कॅप. हरूनही त्या घोड्यावरचे लोकांचे प्रेम वाढले. नव्वदीत जर्मनीचा लँडो, इंग्लंडचे सिंगस्पील आणि पिल्सुडस्की असे तीन वर्षे ओळीने युरोपचे घोडे आले आणि जिंकून गेले.

त्यानंतर वारे फिरले. 2002 मध्ये इटलीचा फाल्ब्राव्ह, 2005 मध्ये इंग्लंडचा अल्कासेद, आणि मग वीस वर्षे एकही पाहुणा जिंकला नाही. युरोपचे नावाजलेले घोडे येत, कॅमेऱ्यांना सामोरे जात, आणि पाच-सहा घोड्यांच्या मागे शर्यत संपवत. हळूहळू येणारेही कमी झाले.

असे का झाले?

एक कारण पायाखाली आहे. युरोपातली हिरवळ मऊ, शरदातल्या पावसाने भिजलेली, टाप आत रुतणारी. तिथला घोडा ताकदीवर पळतो, शर्यतीचा पहिला भाग संथ जातो आणि शेवटी जोर लागतो. फुचूची हिरवळ जपानी देशी गवताची, त्यावर थंडीसाठी विलायती गवत पेरलेले. ती घट्ट असते. तिथे सुरुवातीपासूनच वेग असतो आणि शेवटच्या लांब सरळ पट्ट्यात तो आणखी वाढतो. 2018 मध्ये आल्मंड आय या जपानी घोडीने तेच 2,400 मीटर 2 मिनिटे 20.6 सेकंदांत संपवले. चिखलात जन्म काढलेल्या मल्लाला मॅटवर उभे केल्यासारखे युरोपच्या घोड्याचे तिथे होते. कोल्हापूरकरांना ही तुलना समजावून सांगायला नको.

दुसरे कारण प्रवासाचे. पूर्वी पाहुण्या घोड्यांना आधी शिरोई इथल्या केंद्रात विलगीकरणात राहावे लागे आणि शर्यत जवळ आली की फुचूला हलवावे लागे. हवा बदलली, तबेला बदलला, पुन्हा तबेला बदलला. 2022 पासून फुचूच्या मैदानावरच पाहुण्यांचा तबेला सुरू झाला. तो हवाच होता.

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते रक्ताचे आहे. 1989 ची केंटकी डर्बी जिंकणारा संडे सायलेन्स अमेरिकेतल्या पैदासकारांना फारसा नको होता. झेन्या योशिदा यांनी तो घेतला आणि होक्काइदोला नेला. 1995 पासून 2007 पर्यंत सलग तेरा वर्षे जपानातला पहिल्या क्रमांकाचा जनक घोडा तोच होता, त्यातली शेवटची पाच वर्षे तर त्याच्या मृत्यूनंतरची. त्याच्या पोटची शिंगरे होक्काइदोच्या बर्फात आणि गवतात वाढली, जपानी हिरवळीवर पळाली, आणि दर पिढीत जी जिंकली त्यांचाच वंश पुढे गेला. 1999 ची जपान कप जिंकणारा स्पेशल वीक त्याचाच मुलगा, डीप इम्पॅक्टही त्याचाच. इंग्रजांनी अरबी घोड्याबाबत दोनशे वर्षांत जे केले ते जपानने तीस वर्षांत करून दाखवले.

आणि तरी नियम तोच. जपानचा घोडा पॅरिसला गेला की तोही हरतो. प्री द लार्क द त्रिओंफ ही युरोपची सर्वांत मोठी शर्यत जिंकायचे स्वप्न जपान 1969 पासून पाहत आहे. एल कोंडोर पासा 1999 मध्ये दुसरा आला, नाकायामा फेस्टा 2010 मध्ये दुसरा, ऑर्फेव्ह 2012 आणि 2013 मध्ये दोनदा दुसरा. 2025 पर्यंत पहिला क्रमांक नाही. लाँगशाँची ओली, जड माती त्यांच्या टापांना धरून ठेवते.

30 नोव्हेंबर 2025 रोजी फुचूवर अखेर ती वीस वर्षांची खीळ निघाली. फ्रान्समधून आलेल्या कॅलंडागनने जपानच्या मास्करेड बॉलला डोक्याच्या अंतराने हरवले आणि वेळ दिली 2 मिनिटे 20.3 सेकंद, आल्मंड आयच्या विक्रमाहूनही कमी. जपानी वेगात जपानी घोड्याला हरवणारा पाहुणा आला. त्या घोड्याचे मालक कोण, तर आगाखान स्टड्स. भायखळ्याच्या मैदानावर अरबी घोडे पळवणाऱ्या त्या इराणी पाहुण्याचे वंशज.

महाराष्ट्रातल्या रेसप्रेमींनी या शर्यतीकडे फक्त कौतुकाने पाहू नये. 1981 मध्ये हिंदुस्थान आणि जपान एकाच रांगेत उभे होते, दोघांचेही घोडे हरले. जपानने दार उघडे ठेवले, वारंवार हार सोसली, चांगले रक्त आणले आणि ते कसोटीला लावले. आपण कुंपण राखले. पुण्या-मुंबईत उत्तम घोडे झाले, उत्तम सईस आणि ट्रेनर झाले, पण आपला घोडा जगात कुठे आहे हे विचारायची सवय आपल्याला लागली नाही. घोडामैदान जवळच आहे, असे आपण म्हणतो. त्या मैदानात उतरावेही लागते.

जपानच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या दाराशी येऊन पोहोचते. मोठ्या परदेशी घोड्यांच्या हव्यासात जपानने आपले देशी बुटके घोडे जवळजवळ संपवले. सैन्याला उंच घोडे हवेत म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत किसो खोऱ्यातल्या देशी घोड्यांचे नर सरकारी धोरणाने खच्ची केले गेले. देवळाला वाहिलेला एक नर त्यातून सुटला होता. युद्धानंतर त्याच्यापासून पुन्हा वंश चालवला गेला, म्हणून किसो घोडा आज पाहायला मिळतो.

आपल्या भीमथडीचे दैव त्यामानाने बरे. त्याला देवळाने नव्हे, धनगरांनी राखले. संस्थाने गेली, पागा मोडल्या, टांगे बंद झाले, पण मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाला ओझे वाहणारा, दगडधोंड्यातून न अडखळता चालणारा, मिळेल ते खाणारा घोडा लागतच होता. कृष्णाकाठी सुगी संपली आणि रिकाम्या रानात खतासाठी मेंढरे बसू लागली की वाडी-कुरुंदवाडच्या आसपासच्या रस्त्यांवर धनगरांचा तळ हलताना दिसतो. पुढे मेंढरांचा लोट आणि कुत्री. मागे घोडी, आणि त्यांचे दावे बहुतेक वेळा बाईच्या हातात. घोडीच्या पाठीवर वाकळ दुमडून टाकलेली, तिच्यावर भांड्यांचे गाठोडे, एका बाजूला कोंबड्यांचा झाप, दुसऱ्या बाजूला पिशवीतून नुसते डोके बाहेर काढलेले दोन दिवसांचे कोकरू. घोडीची उंची माणसाच्या छातीइतकी, छाती रुंद, पाय आखूड. ट्रकचा हॉर्न कानाजवळ वाजला तरी ती बिथरत नाही. एक कान तेवढा हलवते आणि चालत राहते.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. देशातल्या नोंद झालेल्या घोड्यांच्या जातींत ती आठवी. नोंद झाली, आता नरांची निवड, शिंगरांची मोजदाद आणि चराईची राने राखणे ही कामे उरली आहेत. चराई संपली की धनगर घोडी विकून टेम्पो घेतो, आणि त्याला बोल लावता येत नाही.

पुढच्या खेपेला वाडीला आलात तर दर्शनानंतर पूल ओलांडून कुरुंदवाडच्या घाटावर जा, संताजींच्या समाधीपुढे दोन मिनिटे उभे राहा. आणि परतताना रस्त्यात धनगरांचा तळ भेटला, तर गाडी थांबवून त्या घोड्यांना आधी जाऊ द्या.